देवाच्या कानावर

कुलूपवाल्याच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. दुकानाचं शटर ओढून तो घरी यायचा, बोटांत रुतलेला पितळेचा भुगा साबणाने घासून काढायचा आणि पुढच्या खोलीत चटई अंथरायला सांगायचा. बायको शेगडी बारीक करून यायची, थोरली पुस्तक मिटून, धाकटा तोंड वाकडं करून. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग सगळे गुडघ्यांवर. इथपर्यंत चार ख्रिस्ती घरांत चालतं तसंच.

खरा प्रकार पुढे असायचा. डोळे मिटून, आवाज खाली आणून कुलूपवाला सुरू करायचा, "हे स्वर्गीय पित्या, या घरात एकजण थोरांना उलट उत्तरं देतो, त्याची जीभ आवर. एकीला आरशापुढून हलवत नाही, तिला नम्रता दे. आणि या घरच्या बाईला मीठ टाकताना शुद्धीवर ठेव."

देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्ये अडवणार कसं? 'आमेन' झालं की विषय संपला. त्यानंतर कोणी तोंड उघडलंच तर तो शांतपणे म्हणायचा, "मी तुला काही बोललोय का? मी प्रभूशी बोलत होतो." शेजारी हसून म्हणायचे, हा जगाची कुलपं उघडतो आणि घरच्यांच्या तोंडाला लावतो. बायको हे ऐकून हसायची, आणि मग हसल्याबद्दल तिचं तिलाच वाईट वाटायचं.

ती इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होती. फाटक्या चादरी मधोमध कापायच्या, चांगल्या कडा आत घेऊन जोडायच्या, उशांच्या खोळींना नाड्या लावायच्या. मशीनवर बसलं की डोकं मोकळं व्हायचं. घरात मात्र तिने एकच विद्या साधली होती, मान खाली घालून वेळ काढायची.

थोरलीचं लग्न ठरत आलं तेव्हाची गोष्ट. मुलगा त्यांच्याच चर्चच्या मंडळीतल्या मास्तरांचा, आणि मुख्य म्हणजे थोरलीला मनापासून आवडलेला. त्याच सुमारास ती पोटदुखीसाठी आईच्याच इस्पितळात तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल होणं अवघड आहे. थोरली तशीच शिवणखोलीत आली आणि चादरींच्या ढिगाऱ्यावर बसली.

"आई, मी त्याला सांगणार आहे. लपवणार नाही. पण मला माझ्या तोंडाने सांगू दे. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस."

"वेडी का गं तू? मी कशाला सांगेन?"

पण आईच्या पोटात ते राहीना. शिवताना सुई बोटात जाऊ लागली. नवऱ्याने विचारलं, "काय झालंय तुला?" आणि ती रडतरडत सगळं बोलून बसली. वर म्हणाली, "अहो, तुम्ही एकट्यानेच प्रार्थना करा तिच्यासाठी. तुमचं देव ऐकतो." हे ती मनापासूनच म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात मास्तर, त्यांची बायको आणि मुलगा बोलणी पक्की करायला आले. थोरलीने ठरवलं होतं, जेवणं झाली की मुलाला अंगणात बोलावून सांगायचं. पण जेवणाआधी प्रार्थना होती. सगळे गुडघ्यांवर बसले. कुलूपवाल्याने पाहुण्यांसाठी आभार मानले, अन्नासाठी मानले, आणि त्याचा आवाज भरून आला.

"प्रभू, माझ्या लेकीची कूस तू बंद केली आहेस. तिचं पाप असेल तर क्षमा कर. या भल्या माणसांना अंधारात ठेवायची बुद्धी आम्हाला देऊ नकोस."

तो 'आमेन' म्हणाला. मास्तर सवयीने 'आमेन' म्हणाले. आणि आईही म्हणाली. शब्द तोंडून गेल्यावरच तिला कळलं, आपण कशावर 'आमेन' म्हटलं ते. तिने डोळे उघडले तर थोरली तिच्याचकडे बघत होती.

पाहुणे अर्धवट जेवून गेले आणि परत आले नाहीत. त्या मुलाने निरोपसुद्धा पाठवला नाही. थोरलीने महिन्याभरात परगावी नोकरी धरली. जाताना बापाला म्हणाली, "बाबा, मला तोंडावर शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं."

"देवापुढे खोटं बोलू मी?" कुलूपवाल्याने विचारलं, आणि तो खरोखरच गोंधळलेला होता.

काही वर्षांनी किल्ली घासता घासता तो दुकानातच कोसळला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धाकट्याचं एव्हाना लग्न झालं होतं; त्याने दुकान विकलं आणि आपल्या बायकोला घेऊन तो वेगळा राहू लागला. घरात उरली ही दोघं. संध्याकाळ झाली की नवरा डाव्या हाताने चटईकडे खूण करायचा.

पहिले काही दिवस तिने नुसतं स्तोत्र वाचलं. एकदा मात्र, दिवसभर त्याची अंथरुणं धुऊन कंबरेचा काटा ढिला झालेला असताना, तिच्या तोंडून निघालं, "प्रभू, या माणसाने मला आयुष्यभर हूं का चूं करू दिलं नाही. त्याला क्षमा कर."

त्याच्या घशातून घरघर आली, बाकी काही नाही. तिला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. मग ते रोजचंच झालं. मिठापासून मास्तरांपर्यंत सगळं ती देवाच्या कानावर घालू लागली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ती थांबायची नाही, वाक्य पुरं करायची.

थोरली बापाला बघायला आली तेव्हा आई हरखून गेली. आज लेकीच्या मनातलं बोलायचं, असं तिने ठरवलंच होतं. गुडघ्यांवर बसून तिने सुरुवात केली, "प्रभू, या बापाने पोटच्या पोरीची चारचौघांत अब्रू घालवली—"

थोरली उठून उभी राहिली. "पुरे, आई."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतेय."

"माझ्यासाठी तेव्हा तोंड उघडायचं होतंस. तेव्हा उघडलंस ते 'आमेन' म्हणायला. आणि बाबांना सांगितलं कोणी होतं? आता ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यावर कसली मर्दुमकी?"

तिने बापाची ओली हनुवटी पुसली. त्याने डाव्या हाताने तिचा दंड धरला. तिने तो अलगद सोडवला, माफ केल्याचं काही बोलली नाही, आणि सकाळच्या गाडीने निघून गेली.

आई दिवसभर धुसफुसत राहिली. एवढं करून शेवटी वाईटपणा आपल्याच माथी! संध्याकाळी तिने चटई अंथरली, नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं, डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, माझी लेक फार उद्धट झाली आहे. आईबापांची तिला किंमत नाही. तिचा गर्व मोड."

नवऱ्याने मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, हे तिने डोळे उघडून पाहिलं नाही.