तीन तासांचं जाळं

कुणी विचारलं की व्हिडिओ आर्ट म्हणजे काय हो, तर मी व्याख्या देत नाही, किस्सा सांगतो. व्याख्या कधी जमलीच नाही. किस्से मात्र इतके साचलेत की एक काढायला जावं तर त्याच्यामागून चार बाहेर येतात.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपुरात ही भानगड करणारे आम्ही तिघंच. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. सलीमभाई जटपुरा गेटजवळचे लग्नाचे व्हिडिओ शूटिंगवाले, म्हणजे कॅमेरा त्यांचा. आणि सुनंदा. सावली तालुक्यातल्या एका मासेमार ढिवर कुटुंबातली पोरगी, नागपुरातून चित्रकला शिकून आलेली आणि डोकं फिरलेली. डोकं फिरलेली हे सलीमभाईंचं मत. माझंही, पण मी ते बोलत नसे.

तिनं काय केलं, तर तिचे बाबा दामाभाऊ ओसरीवर मासे धरायचं जाळं विणत बसले होते, त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि सुरू केला. तीन तासांची कॅसेट संपली तेव्हाच बंद केला. कॅमेरा हलला नाही, दामाभाऊ हलले नाहीत. एका टीव्हीवर ही कॅसेट आणि टीव्हीच्या वर टांगलेलं तेच जाळं, असं तिचं इन्स्टॉलेशन. मोठ्या शहरातल्या नव्या कलाकारांच्या प्रदर्शनात ते पूर्ण लागावं, एवढंच तिला हवं होतं. ती अट मोडायला मग सगळं जग टपून बसलं.

*

पहिले फितूर सलीमभाईच. प्रदर्शनाला पाठवायची कॉपी काढायला कॅसेट त्यांच्याकडे दिली. परत आली तेव्हा दामाभाऊंच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत!

सुनंदानं ती कॅसेट त्यांच्या हातात परत ठेवली. सलीमभाई कासावीस झाले. म्हणाले, "बेटा, तीन घंटे में तो निकाह लागून, जेवणं होऊन, वरात वापस जाते. इथी आदमी अजून बसूनच हाये. मले पाहवलं नाई."

पाकळ्या काढायला लावल्या. त्या काढताना त्यांच्या तोंडावर जे दुःख होतं ते मी विसरलेलो नाही.

*

चंद्रपुरात पहिल्यांदा मांडलं ते माझ्या शाळेच्या हॉलमध्ये. सलीमभाईंचा टीव्ही नेमका बिघडलेला, म्हणून त्यांच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा, म्हणजे मावशींचा, आणला. टीव्हीबरोबर खालाही आल्या. टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर आणि प्लॅस्टिकची बाहुली काढायची नाही, ही त्यांची अट. उघडा टीव्ही बरा दिसत नाही म्हणे.

उद्घाटनाला आलेल्या एका प्राध्यापकांनी सुनंदाला विचारलं, ही बाहुली कशाचं प्रतीक?

"खालांच्या हुकुमाचं," ती म्हणाली. प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

मग भामरागडकडचा किस्सा. तिकडच्या एका आश्रमशाळेतल्या मास्तरांनी बोलावलं होतं. जीपमध्ये आम्ही तिघं, टीव्ही, व्हीसीआर, जाळं. वाटेत पोलिसांनी नाक्यावर अडवलं. नक्षलवाद्यांमुळे ते दिवसच तसे होते. साहेबांनी कॅसेट हातात घेऊन विचारलं, यात काय आहे?

मी सांगितलं, एक म्हातारा जाळं विणतो.

मग?

मग विणतच राहतो.

साहेबांचा संशय पक्का झाला. नाक्यावरच टीव्ही लावायला लावला. दहा मिनिटांनी म्हणाले, पुढे पळवा. माझा हात रिमोटकडे गेलासुद्धा. सुनंदानं तो धरला. सरळ साहेबांकडे बघत म्हणाली, "पळवाचं नाई, साहेब. पाहाचं असन तं पूर्ण पाहा."

पण साहेबही हट्टी. खुर्ची ओढून बसले. मधे काहीतरी लपवलेलं असणार या खात्रीनं त्या माणसानं तीन तास डोळ्याची पापणी न लववता दामाभाऊंना पाहिलं. शेवटी कॅसेट खटकन थांबली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की जाळं पुरं झालं का?

आमचा पहिला पूर्ण प्रेक्षक. पुढे आश्रमशाळेतली पोरं तर अर्ध्या तासात खेळायला पळाली.

*

प्रदर्शनाच्या समितीचं पत्र आलं. काम निवडलं आहे, पण दहा मिनिटांचं करावं, आणि मागे थोडं जंगलातलं संगीत टाकावं. मी म्हटलं, सुनंदा, कर ना दहा मिनिटं, अशी संधी परत येत नाही. त्याची आज लाज वाटते, पण म्हटलं होतं. तिनं पोस्टकार्डावर उत्तर धाडलं: बाबा दहा मिनिटांत विणत नाहीत, आणि विणताना गातही नाहीत.

मला वाटलं, संपलं. पण समितीचे एक गृहस्थ स्वतःच यायला निघाले. काम बघून तिथंच निर्णय देणार होते. सुनंदानं त्यांना थेट आपल्या गावात नेलं.

*

समाजमंदिरात भर दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. टीव्हीच्या वर जाळं टांगलं; सलीमभाईंनी कॅमेराही आणला होता. सगळा ढिवर मोहल्ला येऊन बसला. गृहस्थांनी माझ्या कानात सांगितलं, की पाच मिनिटांत हॉल रिकामा होईल, बघा.

एक तास झाला. कुणी उठलं नाही. सगळ्यांची नजर दामाभाऊंच्या बोटांवर. अचानक सुनंदाची काशीआत्या म्हणाली, "थांबव. मांगं घे. दामाची गाठ ढिली बसली."

दामाभाऊ ताडकन उठले. माझ्या हातची गाठ? मागे घेतलं. पुन्हा मागे घेतलं. तिसऱ्यांदा सगळ्या मोहल्ल्याला दिसली. दामाभाऊ टांगलेल्या जाळ्यापाशी गेले, बोटांनी चाचपत तीच गाठ शोधली आणि ओढली. ती सरकली.

मग लेकीला हळूच म्हणाले, "जाळं मी नीट करतो. तुह्या पिक्चरातून तेवढी गाठ काढून टाक, माय. गावात तोंड दाखवाचं हाये मले."

आजवर तिनं साहेबांना नाही म्हटलं होतं, समितीला नाही म्हटलं होतं. ही मागणी बापाची होती. सुनंदाचे डोळे भरले. मलाही वाटलं, आता कापणार.

"कापत नाई, बाबा," ती म्हणाली. "तुमी सोडून परत बांधा. ते बी घेते." आणि सलीमभाईंना कोरी कॅसेट लावायला सांगितलं.

दामाभाऊंनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग जाळं खाली उतरवलं, मांडीवर घेतलं आणि बसले. सुनंदानं कॅमेरा सुरू केला. गृहस्थ घाईघाईनं पुढे आले. हे आता आर्टवर्क आहे, त्याला असा हात लावता येणार नाही, असं काहीतरी समजावत ते दामाभाऊंच्या समोरच, कॅमेऱ्याच्या आड, उभे राहिले.

दामाभाऊंनी मान वर केली नाही.

"बाजूले व्हा, साहेब," ते म्हणाले. "पोरीले दिसून नाई राह्यलं."