मीनूचं बिनमाइकचं गाणं

फोन मीनूच्या आईनं, कुसुमकाकूंनीच केला. एरवी त्या मिस कॉल देऊन वाट बघत बसतात. त्या सकाळी मात्र मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत म्हणाल्या, “मीनू गेली वं. तू ये.” आणि फोन ठेवून दिला. त्याला आता महिना होत आला. मीनू म्हणजे मीनाक्षी, माझी मैत्रीण. गोंदियाजवळच्या मुर्रीत आम्ही एकाच गल्लीत वाढलो. ती स्वतः गाणी लिहायची, स्वतःच चाल लावायची आणि गिटारवर गायची. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की माझा हात थांबतो... कारण ती गेली हे वाक्य अजून मी पूर्ण म्हणून पाहिलेलं नाही.

गिटार तिनं नागपूरला नोकरीला लागल्यावर घेतली. गाणी लिहिली ती मात्र आपल्या झाडीबोलीत. धानाच्या बांधीची, मोहफुलाच्या वासाची, नवेगाव बांधच्या तळ्याची. ते तळं म्हणजे काकूंचं माहेर. पण काकूंना हे सगळंच नापसंत. “एवढी शिकली, अन् डब्बा वाजवून राहिली! कायले, त म्हणे गाणं सुचते,” असं त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. मीनूनं सूर लावला की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि भांडी जरा जास्तच आपटत. मीनू हसून घ्यायची. एकदाच म्हणाली होती, “सारे ऐकतात रे बाप्पा... माय तेवढी ऐकत नाही.” एकदा गोंदियात एका कार्यक्रमात कोणी मागून ओरडलं होतं, “दीदी, कोई फिल्मी सुनाओ ना!” त्यावर ती “आप ही का सुना रही हूँ, भैया,” म्हणाली आणि आपलंच गाणं शेवटपर्यंत गायली. त्या दिवशी तिला काही वाटलं नाही. घरातली भांडी मात्र तिला ऐकू यायची.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. नोकरी सोडून ती मुर्रीला आईकडे परत आली. जिना चढताना थांबायची, मग अंगणातून आत येतानाही थांबू लागली. एक दिवस मला म्हणाली, “एकदा गायचं आहे. स्टेज नको, माइक नको. तुझी बैठक चालेल?” उन्हाळ्यातल्या एका रविवारी संध्याकाळी माझ्या बैठकीत सतरंजी टाकली. गल्लीतली माणसं आली, तिच्या नागपूरच्या दोन मैत्रिणी आल्या. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की पंखा बंद करावा लागला. घामानं सगळे भिजले, पण कोणी हातातला कागदसुद्धा हलवला नाही. काकू औषधाची पिशवी घेऊन आल्या होत्या. दाराशी, रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

तीन-चार गाणी झाली. मध्येमध्ये ती गिटारवर हनुवटी टेकून श्वास गोळा करायची, आम्ही थांबायचो. शेवटी तिनं तळ्याचं गाणं घेतलं. “तळ्यावरचा वारा येते, मायचं नाव घेते...” दुसऱ्या कडव्याला आवाजच निघेना. ओठ हलले, बोटं तारांवर चालत राहिली, पण शब्द नाही. मला वाटलं, उठावं आणि तिला पाणी द्यावं. तेवढ्यात दाराकडून जाडाभरडा, बेसूर आवाज आला. काकू गात होत्या. तोंड अजून रस्त्याकडेच. पुढची ओळ, त्याच्या पुढची, कडवं संपेपर्यंत... एक शब्द चुकला नाही. मीनू नुसती वाजवत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

गाणं संपल्यावर तिनं विचारलं, “माय, तुले कसं येते हे?”

“रोज तेच गाऊन राहते तू,” काकू म्हणाल्या. “भिंतीले कान नाहीत, मले आहेत.” मग पिशवी उचलून म्हणाल्या, “चाल, औषधाची वेळ झाली.”

त्यानंतर ती कोणासमोर गायली नाही. पावसाळा सरता सरता गेली. शेवटचे दिवस बोलणंही जमत नव्हतं. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या.

परवा दुपारी मी काकूंकडे गेले. दार उघडंच होतं. मीनूच्या खोलीतून आवाज येत होता. काकू तिच्या पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर तिची ओढणी घेऊन, घडी करता करता काहीतरी म्हणत होत्या... “हळू टाक पाय, बाई, शेताचा धुरा ओला आहे... हळू टाक पाय...” मीनूची सगळी गाणी मला पाठ आहेत. हे त्यांतलं नव्हतं. मी उंबऱ्यातूनच विचारलं, “काकू, हे मीनूनं कधी केलं?”

त्यांनी ओढणीची घडी पुरी केली.

“तिचं नाही ते,” म्हणाल्या. “मले सुचलं.”