आईचा एकच शब्द

पहिल्या बाळंतपणासाठी मी धारला माहेरी आले होते. एका सकाळी आई माझी वेणी घालत होती. बोलता बोलता तिचा हात थांबला. वळून पाहिलं तर तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. काय होतंय विचारलं, तर म्हणाली, "पाणी." मी भांडं पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि पुन्हा म्हणाली, "पाणी."

त्या दिवसापासून तिच्या तोंडी तेवढाच शब्द उरला. मीठ हवं असलं तरी पाणी, बाबांना बोलवायचं तरी पाणी. चुकलं हे तिला कळायचं. मग ती पदर तोंडाशी धरून बसायची. दरबारात नोकरीला असलेल्या बाबांनी वैद्य आणले. त्यांनी वात सांगून मात्रा दिली. शेजारणी म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे, पोटुशीनं जवळ जाऊ नये. मलाही आईची भीती वाटू लागली. ती जवळ आली की मी पोटावर हात धरायची.

मग कळा सुरू झाल्या. दाईनं दार लावून घेतलं. बाहेर आई दारावर थापा मारत होती, "पाणी, पाणी." शेजारणी तिला ओढून नेत होत्या. बाळ अडलं होतं, दाईचा चेहरा उतरला होता. मी आता वाचत नाही, असं मनात पक्कं झालं आणि सगळी बाधा विसरून मी म्हटलं, "तिला आत घ्या. मला आई पाहिजे."

दाई तिच्या माळवीत कुरकुरली, "बई, वा तो बोली भी नी सके." पण बाबांनी बाहेरून दरडावलं आणि दार उघडलं.

आई माझ्या पाठीशी बसली. तिनं डाव्या हातानं मला कवळून धरलं आणि कानाशी हळू, लांबवून म्हणाली, "पाऽणी." म्हणजे थांब. नंतर एकदम तोडून, "पाणी." म्हणजे आता जोर कर. शब्द तोच, पण मला प्रत्येक वेळी नेमकं कळत होतं. आतली माझी आई जिथल्या तिथं होती. फक्त तिला बाहेर यायला वाट उरली नव्हती.

मुलगी झाली, रडलीही. आईची वाचा मात्र शेवटपर्यंत परतली नाही.

अजूनही बोलताना एखादा साधा शब्द चटकन सापडला नाही, की माझ्या छातीत धस्स होतं.