सुनंदाची हजेरी

सुनंदा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिचा मोबाइल माझ्या पर्समध्ये वाजला. मलकापूरच्या रुबिनाचा मेसेज होता, ‘ताई, आज मशीनवर जाऊन आलासा न्हवं?’ मी रडत रडत सुनंदाच्या नावानं लिहिलं, ‘व्हय, पोचलो घरात.’ त्याला सव्वा महिना झाला... तेव्हापासून मी अडकले.

उचगावात आमची घरं समोरासमोर. ती ब्लाउज शिवायची, मी काजबटणं करायची. तिच्या किडन्या गेल्या, सोमवार-गुरुवार डायलिसिस सुरू झालं, आणि या बाईनं सोशल मीडियावर तसल्याच पेशंटांचा ग्रुप काढला. पार बेळगावपर्यंतची माणसं होती, एकानंही दुसऱ्याला पाहिलेलं नाही. पाणी किती घोट प्यायचं, अंगाला खाज का सुटते, सुईची भीती, नवऱ्याची चिडचिड, घरात तोंडातून निघालं नसतं ते सगळं तिथं निघायचं. एकानं पाल्याचा काढा सुचवला तर हिनं खडसावलं, ‘पावणं, काढा तुमच्यापाशीच ठेवा. डॉक्टरला इचारल्याबिगर हितं कुणी काय घेणार न्हाय.’ नियम एकच, मशीनवरून घरी आलं की हजेरी लिहायची. हजेरी नाही दिसली की हिचा फोन, ‘हाईस का गेलीस गं?’ हसायचे लोक, पण लिहायचे.

रुबिनानं मध्यंतरी कंटाळून उपचार सोडला होता. सुनंदानं तिच्याकडून कबूल करून घेतलं, ‘मी जातोय तवर तू बी जायचंस.’ पुढं सुनंदाच्या हृदयानंच दगा दिला. दवाखान्यात तिनं मोबाइल माझ्या हातात कोंबला. ‘माझी हजेरी लाव. न्हायतर ती पोरगी जायाची बंद हुईल.’ मी लावली. ती गेल्यावरही लावली. दहावं होऊ दे, मग सांगू म्हटलं. मग पुढचा सोमवार आला... फोन आला की घसा बसलाय म्हणून लिहायचं. खोटं कशाला बोलू, मेलेल्या मैत्रिणीची खुशाली लिहिताना माझी मलाच किळस यायची. पण सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

सुनंदावरचा हा लेख पेपरात छापायचा ठरल्यावर लपवायला वाटच उरली नाही. परवा रुबिनाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “ताईंनी मशीन सोडलं हुतं काय?”

“नाही गं. एक दिवस चुकवला नाही.”

“मग काय उपेग झाला?”

सुनंदानं तिला झापलं असतं, काहीतरी नेमकं बोलली असती. मी घाबरून एवढंच म्हणाले, “गुरुवारी मी मलकापूरच्या स्टँडवर येते. तुझ्याबरोबर बसते मशीनपाशी.”

“बरं, या,” ती म्हणाली. “पण आता ताईंच्या नावानं काय लिवू नगासा.”