आबांच्या घराचा पंखा

माझे वडील माझ्या घरी कधी राहिले नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, तिथलं अन्नपाणी घ्यायचं नाही, एवढंच. रावेरकडच्या आमच्या केळीवाल्या घरांत काही जुनी माणसं हे अजून पाळतात, आणि आबा ऐंशीच्या पुढचे. लग्न होऊन मी धुळ्याला, देवपुरात आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. या अठ्ठावीस वर्षांत आबा जळगावहून सकाळच्या एसटीने यायचे, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे, माझ्या गिरणीतल्या बाकावर बसून राहायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. माझी पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, वडील आलेत, चहा तरी द्या." मी काय सांगणार? चहाचा कप भरलेला परत गेला की माझं डोकं फिरायचं, आणि मग ज्याचं दळण हातात असेल त्याच्यावर मी खेकसायचे.

मागच्या हिवाळ्यात परतीच्या एसटीत चढताना त्यांना घेरी आली. स्टँडवरच्या लोकांनी धरलं म्हणून पडले नाहीत. आबा माझ्या भावाकडे, जळगावातच पिंप्राळ्याला असतात. दादाने त्याच दिवशी फोनवर सांगून टाकलं, "एका दिवसात जाणं-येणं आता बंद. राहणार असतील तर येतील, नाहीतर येणार नाहीत." दादाचं चुकत नव्हतं. पण आबा आता माझ्या दारात पुन्हा येणार नाहीत, हे मला लख्ख कळलं. मी रडले, मग चिडले, मग आबांना फोन करून चांगलं सुनावलं. कसला हा नेम, कुणी घालून दिला, माझं घर काय परक्याचं आहे का? आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला.

"बाई, मी माह्या घरात झोपलो तं चालते ना?"

"चालतं की. पण तुमचं घर जळगावात आहे, आबा."

"घर घेऊनच येतो मी."

मला आधी वाटलं, वय बोलतंय. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मळ्यात एक जुनी मिनीबस उभी असते, माझ्या लग्नाच्याही आधीची. एके काळी ती डोळे तपासायचा फिरता दवाखाना होती. आबांनी ती लिलावात घेतली आणि केळीच्या राखणीसाठी मळ्यात नेऊन ठेवली. आत झोपायला लांब बाकडी, हात धुवायचं बेसिन, औषधांची कपाटं, आणि आबांनी नंतर बसवलेली गॅसची शेगडी. बाहेरून दोनदा रंग दिला तरी एका बाजूचा भलामोठा डोळा रंगाखालून अजून दिसतो. कागदपत्रं मात्र आबांनी नेमाने जिवंत ठेवली होती. गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे घर त्यांचं. ते घर माझ्या फाटकासमोर उभं राहिलं, तरी मुक्काम लेकीकडे झाला नाही! या माणसाच्या डोक्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

होळीनंतर दादा गाडी घेऊन निघाला, शेजारी आबा. एरंडोलला इंजिनाची गरमी दाखवणारा काटा लाल रेघेला टेकला. पारोळ्याच्या पुढे रेडिएटरचं पाणी उकळलं. या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, पेटीसारख्या झाकणाखाली असतं, त्यामुळे वाफ थेट आबांच्या अंगावर आली. भाजलं नाही हे नशीब. शेवटी एका ट्रकने ओढत आणून गाडी धुळ्याच्या बायपासवरच्या गॅरेजात टाकली. मी धावत पोचले, तर आबा स्टुलावर मांडीत पिशवी घेऊन बसलेले.

"घरच बसलं रस्त्यात," ते म्हणाले. "आता मुक्काम कुठी करू? गाडी नीट कर बाई. तिच्यात बसून आलो तं राहीन. नही तं नही."

आणि दादाबरोबर भाड्याच्या गाडीने परत गेले. गॅरेज माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर होतं.

मिस्त्रीने गाडी खोलली. रेडिएटर साफ केला, पाण्याचा पंप तपासला, आणि निदान केलं की दोष पंख्याचा. इंजिनापुढचा, पट्ट्यावर फिरणारा चार पात्यांचा लोखंडी पंखा. एक पातं मुळाशी तडकलेलं, आणि बाकीच्यांची टोकं कुणीतरी कधीतरी कानशीने घासून आखूड केलेली. "पंखा बदला," मिस्त्री म्हणाला. म्हणायला काय जातं? या गाडीचा पंखा आता कुठेही मिळत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा निवडून बसवायचा.

मतं भरपूर. आमच्या ह्यांचं म्हणणं, भंगार बाजारातून होता तसाच चार पात्यांचा शोधू. दादाचं म्हणणं, नव्या गाड्यांना येतो तो सात पात्यांचा प्लास्टिकचा घे. मिस्त्रीचं म्हणणं, हे सगळं जुनं झालं, विजेवरचा बसवा, इंजिन तापलं की आपोआप सुरू होतो. प्रश्न मी विचारायचे आणि मिस्त्री उत्तर ह्यांच्याकडे बघून द्यायचा. शेवटी म्हटलं, "मिस्त्री, गिरणीचा पट्टा मी स्वतः चढवते. मला सांगा." त्यानंतर तो मला सांगायला लागला, पण मोठ्याने, मला ऐकायला कमी येत असल्यासारखा.

निवड कशी केली ते सांगते, हसू नका. आम्ही खान्देशातली माणसं. मार्च लागला की कूलरच्या दुकानात जायचं, एकेका कूलरसमोर तोंड धरायचं, आणि ज्याची हवा तोंडावर जोरात आपटेल तो उचलायचा. पंख्याची दुसरी परीक्षा आम्हाला ठाऊकच नाही. मिस्त्रीने ओळखीच्यांकडून तिन्ही पंखे आणवले, एकेक लावून दाखवला, आणि आम्ही रांगेने पंख्यामागे तोंड धरून उभे. मी, हे, मिस्त्री, शेजारचा टायरवालासुद्धा. विजेवरच्या पंख्याने माझा अंबाडा सुटला. सगळे एकदम म्हणाले, "हाच!"

रविवारी आम्ही दोघं सोनगीरच्या दिशेने चाचणीला निघालो. पहिला चढ येईतो झकास. मग पंखा जो सुरू झाला तो थांबेचना, जुन्या गाडीची वीज त्यालाच पुरेना, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायला लागला, आणि तरीही काटा चढतच गेला. परत आलो. दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिकचा, सात पात्यांचा, पट्ट्यावरचा. हवा त्याचीही जोरात. पहिल्यापेक्षा थोडा पुढे गेला आणि तिथेच काटा लाल. मी रस्त्याच्या कडेला उतरून त्या गाडीला दोन शब्द सुनावले. हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत." बघू देत.

मिस्त्रीने हात टेकले. "ताई, गाडी म्हातारी झाली. थंडीत चालवा." मी ते फोनवर आबांना सांगितलं. म्हटलं दिवाळीनंतर बघू. ते म्हणाले, "राहू दे बाई. नही जमत तं राहू दे." रागावले असते तर मी उलटून बोलले असते. त्या 'राहू दे'ने मात्र मी हबकले. ऐंशीच्या पुढच्या माणसाला पुढचा हिवाळा दाखवणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत उभी होते. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. त्याच्या कडेची एक फट बुजवायची कधीची राहिली होती. उन्हाच्या तिरिपेत पिठाची धूळ दिसत होती. पंख्यातून बाहेर जात होती आणि त्या फटीतून वळून पुन्हा आत येत होती. रोज दिसणारी गोष्ट. त्या दिवशी मी दळण तसंच सोडलं, पिठाची पुडी बांधली आणि रिक्षा केली.

गॅरेजात गाडी चालू करायला लावली. पदर कमरेला घट्ट खोचला आणि रेडिएटरच्या पुढून चिमूटभर पीठ सोडलं. जाळीतून ते आत ओढलं जायला हवं. थोडंसं गेलं, बाकीचं खाली पडलं. मग मागच्या बाजूने, पंखा आणि रेडिएटर यांच्यात चार बोटांची जागा होती तिथे सोडलं. ते पात्यांच्या टोकांवरून गरगर फिरून पुन्हा तिथेच आलं. म्हणजे आमचा जोरदार पंखा जाळीतून गार हवा ओढतच नव्हता. इंजिनाचीच गरम हवा घेऊन आमच्या तोंडावर मारत होता, आणि आम्ही आपले खूश! मिस्त्रीच्या मिशांवर पीठ उडालं होतं. तो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "याला भोवती कडं असतं, ताई. कुणीतरी काढून फेकलंय."

मग हे आधी का नाही सुचलं, असं मी विचारलं नाही. माझ्या मानाने हा मोठाच संयम.

कडं विकत मिळणार नव्हतं. पण धुळ्यात पत्र्याचं कडं कोण करणार, हा काय प्रश्न झाला? आमच्या गल्लीच्या टोकाला कूलर बनवणारे एक आबांच्याच वयाचे नाना आहेत. ते गॅरेजात आले, सुतळीने मापं घेतली, पुडीतलं पीठ स्वतः एकदा टाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"कूलरनी हवा तोंडवर लागाले जोयजे, ताई. आठे ती जाळीमाईन येवाले जोयजे. निम्मा पंखा कडामा, निम्मा बाहेर. चारीमेर बोटभर जागा. बस."

म्हणजे कूलरची हवा तोंडावर लागायला हवी, इथे ती जाळीतून आत यायला हवी, आणि पंख्याच्या चारी बाजूंनी कड्यापर्यंत बोटभरच जागा. आता निवड सोपी झाली. विजेवरचा बाद, गाडीला तेवढी वीजच नाही. प्लास्टिकचा एवढा मोठा, की त्याच्याभोवती कड्याला जागाच उरेना. भंगार बाजारात मी स्वतः सुतळी घेऊन गेले आणि मापात बसणारा शोधला. एका जुन्या पिकअपचा, सहा पात्यांचा, लोखंडी. ह्यांच्या चार पात्यांच्या जवळ जाणारा निघाला, त्यामुळे त्यांची कॉलर ताठ. पैसे आबांनी दादाकरवी पाठवले, हे सांगायला नको. पंखा बसवला, नानांचं कडं चढवलं, गाडी चालू केली. मिस्त्रीने सवयीने मागे तोंड धरलं आणि ते वाकडं केलं. "ताई, याची हवाच लागत नाही."

"मिस्त्री, माझं तोंड गार करायचं नाहीये," मी म्हटलं आणि पुढून वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरला लावला. तो फट्‌कन चिकटला आणि चिकटूनच राहिला. नाना टाळी वाजवून म्हणाले, "व्हई गयं!"

भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, आम्ही चाचणीला गेलो. सोनगीरपर्यंत, तिथून पुढे, आणि मुद्दाम सगळ्यात रटाळ ट्रकच्या मागे रखडत परत. काटा मध्यावर गेला आणि तिथेच बसून राहिला. मी अख्खा वेळ त्या काट्याकडेच बघत होते. रस्ता कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात आबा आले. दादा चालवत होता. ना एरंडोलला थांबले, ना पारोळ्याला. गाडी आमच्या फाटकासमोर लिंबाच्या सावलीत लागली. आबांनी पाणी पिंप्राळ्याहून भरून आणलेलं, तांदूळ, डाळ, साखर, चहाची पूड, सगळं घरचं. माझ्याकडचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. बाथरूमपुरती सूट त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. दादा संध्याकाळच्या एसटीने परत गेला. आबा राहिले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा रात्री दाराला कडी घालताना मला माहीत होतं, की माझे वडील हाकेच्या अंतरावर झोपले आहेत. मला इतकं बरं वाटलं, की मी ह्यांना दोनदा विनाकारण हसून दाखवलं.

सकाळी सवयीने चहा केला आणि कप घेऊन गाडीकडे गेले. आबांनी कपाकडे बघितलं, मान हलवली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तो तूच पी. नही तं ठेव. ये वर, मी करतो."

मी पायरी चढून आत गेले. बाकड्यावर बसले. आबांनी शेगडी पेटवली, माझ्याकडे पाठ करून चहा केला, आलं ठेचून घातलं, साखर मला लागते तेवढी. त्यांना ती अजून आठवत होती. मी प्याले. ते म्हणाले, "दमल्यासारखी दिसतेस बाई. पड जराशी."

म्हटलं, "आबा, गिरणी उघडायचीय."

"पड म्हनलं ना."

मी आडवी झाले. त्यांनी त्यांची चादर माझ्या पायांवर टाकली. बाहेर ऊन वर येत होतं, लिंबाची पानं खिडकीवर घासत होती. कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली ती बाहेरच्या हाकांनी. समोरच्या गल्लीतल्या काकू गव्हाचा डबा घेऊन माझ्या बंद गिरणीपुढे उभ्या होत्या आणि मला हाका मारत होत्या. मी उठणार, तेवढ्यात आबांनी खिडकीची काच सरकवली.

"ती घरी नही," त्यांनी काकूंना सांगितलं. "माहेरी आली हाय. चार दिवसानं या."

मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.