ताट वाजवत आलेली बाई

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं.

मतदानाच्या दिवशी मनीषनगरात आमचा गट लोकांना घराबाहेर काढत होता. पक्षाचं नाव घ्यायचं नाही, फक्त मत द्या म्हणायचं. एक अनोळखी बाई आपणहून आली, पदर खोचला आणि लाटण्यानं ताट बडवत, दारोदार हाका देत आमच्यापुढे निघाली.

"ओ काकू, कुकर मी पायतो, तुमी वोट टाकून या!"

आणि खरंच आत जाऊन ती कुकरपाशी उभी राहायची. खिडक्या उघडल्या, जिने गजबजले. अंगात नुसता उत्साह संचारला होता.

संध्याकाळी ती म्हणाली, "काका, आता माहं वोट टाकून येतो."

मला चेव चढलेला. म्हटलं, "आणखी एकच बिल्डिंग घ्या, बाई!"

ती हसत धावली. तिथल्या शेवटच्या आजोबांना रिक्षात बसवून ती मागून पायी आली, तोवर केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

"जाऊ द्या ना काका, बिल्डिंग तर आली!" म्हणाली, पण माझ्याकडे न पाहता.

पुढच्या निवडणुकीत तिला खूप शोधलं. कुठं राहते, हे मी विचारलंच नव्हतं.

चुकलो, बाई. आधी तुम्ही जा, असं मी म्हणायला हवं होतं.