श्रावणातल्या माशांची तक्रार

ती घटना आजही आठवते, पण घटनेच्या आधी तिचा वास आठवतो. ऐन श्रावणात, काळाचौकीच्या एका चाळीत, मासे उकळल्याचा वास.

निवृत्त होताना मी फौजदार होते. तेव्हा मात्र नवी कोरी महिला शिपाई, आणि आपल्यावाचून मुंबई चालत नाही अशी माझी खात्री. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. अर्धं ठाणं बंदोबस्ताला जायचं आणि मी बाकावर बसून मोठा कट पकडल्याची स्वप्नं बघायचे. एका दुपारी एक मालवणी म्हातारी तक्रार घेऊन आली.

"आमच्या चाळीतलो सुतार श्रावणात माशे रांधता. इचारलंय तर दार लावन घेता."

ठाणे अंमलदार हसले. मला म्हणाले, "हा गुन्हा तुझ्याच लायकीचा. जा."

सुताराचं दार मी ढकललं. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता आणि त्यात भुसा इतक्या संथपणे तरंगत होता, की मी कशाला आले तेच क्षणभर विसरले. शेगडीवर कालवण नव्हतं. घोळ माशाच्या पोटातला फुगा उकळून मिस्त्री लाकूड चिकटवायचा सरस करत होते. मांडीवर, निजलेल्या पोरासारखा, बंदुकीचा लाकडी दस्ता. मुठीत धरायच्या जागी लांब तडा गेलेला.

मला माझं पदक दिसू लागलं. त्याच्या फितीचा रंगसुद्धा मी ठरवला.

"हा दस्ता कुणाचा?"

"अक्रोडाचा."

"मस्करी नको, मिस्त्री. आत टाकीन."

"टाका. पण आधी सरस भरू द्या, बाई. थंड झाला की धरत नाही."

आणि मी थांबले. संशयिताचा सरस थंड होऊ नये म्हणून पोलिसाने थांबावं, असं कुठल्या नियमात आहे मला माहीत नाही. त्यांनी तड्यात सरस सोडला, आडव्या दोन लाकडी खुंट्या ठोकल्या, वरून सुतळी आवळली. दस्ता फिरला तसा त्यावरचा पितळी बिल्ला दिसला. नंबर आमच्याच ठाण्याचा. माझ्या डोक्यात तोवर शस्त्रागार फुटलंसुद्धा.

तेवढ्यात दारात आमचे हवालदार उभे. शस्त्रागाराची किल्ली त्यांच्याकडेच असायची. हातात रिकामं गोणपाट. मला बघून ते तिथेच लाकडाच्या ढलप्यांत बसले.

"संपली माझी नोकरी," ते म्हणाले.

मी शिकवल्याबरहुकूम चौकशी सुरू केली. "दस्ता फुटला कसा?"

"मोर्च्यात. दस्त्याने मारायचा हुकूम झाला. मी उगारला, तर समोर एक पोरगी. मग फूटपाथच्या दगडावर हाणला."

"हे खरं कशावरून?"

मिस्त्रींनी पटाशीच्या टोकाने दस्त्याच्या तळात रुतलेली काळ्या दगडाची कच उकरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "पोरगी माझी आहे," ते म्हणाले. "तीच यांना इथं घेऊन आली."

शस्त्रतपासणी तोंडावर आली होती. तडा दिसला की खात्याची चौकशी, आणि चौकशीत पहिला सवाल, हुकूम असताना दगडावर का मारलास? लांबून घोषणा येत होत्या, झोपेत ऐकू याव्यात तशा. माझं पदक कुठे विरघळलं कळलं नाही. मी अहवाल दिला: श्रावणात मासे शिजवल्याची तक्रार खरी. इसमास समज दिली.

तपासणीला साहेबांनी नेमकी तीच बंदूक उचलली. दस्ता नाकाशी नेला.

"मासे?"

हवालदारांचा चेहरा पांढराफटक. रांगेच्या टोकाकडून मी म्हणाले, "श्रावण आहे साहेब. ठाण्यात कोण खाणार?"

साहेबांनी जोडावर अंगठा दाबून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग बंदूक जागेवर ठेवली.

त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की तक्रार हसण्यासारखी असली तरी जाऊन बघावं, आणि बघितलेलं सगळंच लिहायची घाई करू नये. म्हातारीचं मात्र समाधान झालं नाही. श्रावण संपेपर्यंत ती मला रस्त्यात गाठायची.

"गो बाय, त्या सुताराक शिक्षा काय केलंस?"

"आजी, पुन्हा रांधलंन तर मला सांग," मी म्हटलं. "जेवायलाच येते."